कार्यस्थळातील विदा-साक्षरता आणि निर्णयसंस्कृती : घोडेगाव परिसरातील नोंदव्यवहाराच्या आधारे एक विवेचन

गोषवारा

कार्यालये, बाजार समित्या, ग्रामपंचायती आणि महाविद्यालये यांमध्ये आकडेवारीचे संकलन विपुल प्रमाणात होते. तथापि त्या आकडेवारीच्या आधारे दैनंदिन निर्णय घेण्याची सवय तुलनेने कमी आढळते. प्रस्तुत लेखात विदा-साक्षरता ही संकल्पना स्पष्ट करून ती कार्यस्थळात कोणत्या परिस्थितीत रुजते व कोणत्या परिस्थितीत केवळ उपचार होऊन राहते, याचे विवेचन केले आहे. त्यासाठी महाराष्ट्रातील महसुली मोजणीचा इतिहास, घोडेगाव येथील कांदा बाजार, दूध संकलन केंद्रे, हिवरे बाजार येथील पाण्याचा ताळेबंद आणि ग्रामीण महाविद्यालयांतील नोंदवह्या यांचा आधार घेतला आहे. नोंद करणाऱ्या व्यक्तीकडे त्या नोंदीचा अर्थ व उपयोग परत पोहोचतो, तेथेच आकडेवारीवर आधारित संस्कृती निर्माण होते, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : विदा-साक्षरता, नोंदव्यवहार, सरासरी, सर्वसाधारण दर, पाण्याचा ताळेबंद, गुणवत्ता हमी कक्ष

१. प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील घोडेगाव हे अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावरील गाव कांद्याच्या व जनावरांच्या बाजारासाठी परिचित आहे. येथील बाजार आवारात लिलावाच्या दिवशी प्रत्येक शेतमालाचे वजन, दर, आडत्या आणि खरेदीदार यांची नोंद होते. याच परिसरातील दूध संकलन केंद्रांत सकाळ-संध्याकाळ प्रत्येक उत्पादकाच्या दुधाचे माप व प्रत नोंदविली जाते. महसुली दप्तरात प्रत्येक हंगामातील पिकांची पाहणी नोंदली जाते. महाविद्यालयांत प्रवेश, हजेरी, निकाल, ग्रंथालयातील देवघेव आणि शिष्यवृत्ती यांची दप्तरे वर्षानुवर्षे ठेवली जातात. म्हणजेच आकडेवारीचा अभाव ही ग्रामीण भागाची अडचण नाही.

अडचण निराळी आहे. बहुतेक नोंदी वरच्या कार्यालयाकडे पाठविण्यासाठी केल्या जातात. पाठविल्यानंतर त्या ज्याने लिहिल्या त्याच्याकडे सहसा परत येत नाहीत. लिपिक तक्ता भरतो, प्राध्यापक हजेरी घेतो, समन्वयक अहवाल जुळवितो. परंतु या तिघांपैकी कोणाच्याही उद्याच्या कामात त्या आकड्यांमुळे बदल होत नाही. अशा परिस्थितीत संगणक आले, प्रणाली आल्या, तरी निर्णय पूर्वीप्रमाणेच अंदाजावर, ज्येष्ठतेवर वा प्रघातावर होत राहतात.

या पार्श्वभूमीवर विदा-साक्षरता म्हणजे काय, ती कार्यस्थळात कशी रुजते आणि महाविद्यालयीन अध्यापकांनी त्या दृष्टीने काय करावे, या तीन प्रश्नांचा विचार येथे केला आहे.

२. विदा-साक्षरता : संकल्पना

विदा, म्हणजे रूढ शब्दात डेटा, ही निरीक्षणातून मिळालेली कच्ची नोंद होय. अक्षर-साक्षरतेत ज्याप्रमाणे अक्षरे गिरविता येणे आणि मजकुराचा अर्थ लावता येणे या दोन भिन्न पायऱ्या आहेत, त्याप्रमाणेच तक्ता भरता येणे आणि तक्ता वाचता येणे या दोन भिन्न क्षमता आहेत. संगणक हाताळण्याचे कौशल्य म्हणजे विदा-साक्षरता नव्हे. पाटीवर खडूने लिहिलेल्या आकड्यांवरूनही योग्य निर्णय घेणारी व्यक्ती या अर्थाने साक्षर ठरते.

विदा-साक्षरतेचे चार घटक मानता येतील. पहिला, नोंद करण्याची क्षमता : काय मोजायचे, केव्हा मोजायचे आणि कोणत्या व्याख्येने मोजायचे याची जाण. दुसरा, वाचनाची क्षमता : सरासरी, टक्केवारी, कल व तफावत यांचा अर्थ लावणे. तिसरा, शंका घेण्याची क्षमता : हा आकडा कोणी, कशासाठी व कोणत्या मर्यादेत गोळा केला हे विचारणे. चौथा, उपयोगाची क्षमता : आकड्यावरून कृती ठरविणे आणि त्या कृतीचा परिणाम पुन्हा मोजणे. हे चारही घटक संस्थेतील एखाद्या तज्ज्ञापुरते मर्यादित न राहता सर्व स्तरांवरील कर्मचाऱ्यांत कमी-अधिक प्रमाणात आढळू लागले, म्हणजे त्या संस्थेत आकडेवारीची संस्कृती आहे असे म्हणता येते.

३. इतिहासातील धडा : प्रिंगल ते विंगेट

आकडेवारीची विपुलता आणि निर्णयाची गुणवत्ता यांचा संबंध सरळ नसतो, हे महाराष्ट्राने दोन शतकांपूर्वी अनुभवले आहे. पेशवाईच्या अखेरीनंतर, १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातील अधिकारी आर. के. प्रिंगल यांच्याकडे पुणे जिल्ह्याच्या जमीन मोजणीचे व सारा आकारणीचे काम आले. प्रत्येक प्रकारच्या जमिनीचे उत्पन्न काढावयाचे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करावयाचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरवावयाचा, अशी ही पद्धत होती. सिद्धान्त म्हणून ती तर्कशुद्ध दिसत होती. प्रत्यक्षात मोजणी सदोष झाली, खालच्या नोकरवर्गात भ्रष्टाचार झाला आणि निव्वळ उत्पन्नाची गणिते ज्या माहितीवर उभी होती ती माहितीच विश्वसनीय नव्हती. त्या काळात पिकांच्या किमतीही घसरल्या. आकारणी शेतकऱ्यांना झेपली नाही व अनेक ठिकाणी जमिनी ओसाड पडल्या.

पुढे १८३५ पासून एच. ई. गोल्डस्मिड आणि जॉर्ज विंगेट यांनी इंदापूर भागात नवी पाहणी सुरू केली. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचे गणित सोडून दिले. मातीचा रंग, पोत व खोली यांवरून जमिनीची प्रतवारी आण्यांच्या प्रमाणात करण्यात आली आणि आकारणी तीस वर्षांसाठी कायम करण्यात आली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत इलाख्यासाठी निश्चित केली. या पद्धतीवरही पुढे टीका झाली. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत झालेल्या शेतकऱ्यांच्या उठावानंतर सारावाढीचा प्रश्न ऐरणीवर आला. तरीही एक फरक महत्त्वाचा आहे. प्रिंगल यांच्या आकड्याची सत्यासत्यता शेतकऱ्याला तपासता येत नव्हती. आपल्या शेतातील काळी माती किती हात खोल आहे, हे मात्र तो स्वतः जाणत होता. जो आकडा संबंधित व्यक्तीला पडताळता येतो, त्यातील चूक उघडकीस येण्याची शक्यता अधिक असते. कार्यस्थळातील नोंदींनाही हेच तत्त्व लागू पडते.

४. नजरअंदाजापासून नमुन्यापर्यंत

मोजणीची पद्धत बदलली की निर्णय कसा बदलतो, याचे दुसरे उदाहरण पीक-उत्पादनाच्या अंदाजाचे आहे. पूर्वी पिकाची आणेवारी मुख्यतः नजरअंदाजाने ठरत असे. अनुभवी नजरेला मोल असते, परंतु तिचा कल एका बाजूस झुकला तर तो किती झुकला हे कळण्यास मार्ग नसतो. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या कार्यात यादृच्छिक नमुना पद्धतीने पीक-कापणी प्रयोगांची घडी बसविण्यात मोठा वाटा उचलला. कोणत्या गावातील, कोणत्या शेतातील, कोणता तुकडा कापावयाचा हे व्यक्तीच्या पसंतीवर न सोडता यादृच्छिक निवडीवर सोपविणे, हा या पद्धतीचा गाभा होय. त्यामुळे चांगले शेत निवडण्याचा वा वाईट शेत निवडण्याचा मोह दूर होतो आणि अंदाजातील संभाव्य चूक किती हेही सांगता येते.

आजही महाराष्ट्रात पैसेवारी नजर, सुधारित व अंतिम अशा टप्प्यांनी जाहीर होते आणि ५० पैशांची मर्यादा ग्रामीण भागात सर्वांना ठाऊक असते. या मर्यादेच्या वर वा खाली असण्यावर गावाच्या सवलती अवलंबून राहिल्याने हा आकडा केवळ संख्याशास्त्राचा विषय राहत नाही. नमुना कसा निवडला, किती घेतला, कोणासमोर कापणी झाली, हे विचारणारा ग्रामस्थ हा विदा-साक्षर नागरिक होय. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीमध्ये शेतकऱ्याने स्वतःच्या पिकाची नोंद छायाचित्रासह मोबाइलवरून करावी अशी योजना करण्यात आली. नोंदीची जबाबदारी व अधिकार नोंदीच्या विषयाजवळ नेण्याचा हा प्रयत्न म्हणून पाहता येतो.

५. घोडेगावचा बाजार : एका दिवसाचा भाव म्हणजे काय?

बाजारभाव हा ग्रामीण भागात सर्वाधिक वाचला जाणारा आकडा असावा. बाजार समित्यांकडून किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन दर प्रसिद्ध केले जातात. परंतु गावागावांत, एसटीत आणि मोबाइलच्या संदेशांत पसरतो तो बहुधा कमाल दर. या तीन आकड्यांतील फरक समजावून घेण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण उपयुक्त ठरेल. वक्कल म्हणजे लिलावासाठी एकत्र मांडलेला एका प्रतीचा माल. समजा, एका दिवशी पाच वक्कलांचा लिलाव झाला.

तक्ता क्र. १ (काल्पनिक)
पहिले वक्कल : १० क्विंटल, दर २,००० रुपये
दुसरे वक्कल : ४० क्विंटल, दर १,५०० रुपये
तिसरे वक्कल : ८० क्विंटल, दर १,२०० रुपये
चौथे वक्कल : ५० क्विंटल, दर १,००० रुपये
पाचवे वक्कल : २० क्विंटल, दर ५०० रुपये

एकूण आवक २०० क्विंटल झाली. कमाल दर २,००० रुपये. तो केवळ १० क्विंटलला, म्हणजे आवकेच्या ५ टक्के मालाला मिळाला. पाच दरांची साधी सरासरी १,२४० रुपये येते. परंतु सर्व मालाची एकूण किंमत २,३६,००० रुपये असल्याने वजनानुसार काढलेली सरासरी १,१८० रुपये आहे. सर्वाधिक माल ज्या दराने गेला तो दर १,२०० रुपये आहे. एकाच लिलावाचे हे चार आकडे असून चारही गणिताच्या दृष्टीने बरोबर आहेत. प्रश्न असा की, उद्या माल आणावा किंवा नाही हे ठरविणाऱ्या शेतकऱ्याने यांपैकी कोणता आकडा विचारात घ्यावा? ज्याच्याकडे मध्यम प्रतीचा कांदा आहे, त्याने २,००० रुपयांच्या बातमीवर वाहन भाड्याने घेतले, तर हिशेबपट्टी हातात पडल्यावर त्याची निराशा होणे अटळ आहे. त्याच्या दृष्टीने आपल्या प्रतीच्या मालाचा दर आणि सर्वसाधारण दर हेच उपयुक्त होत. गोल्टी कांदा असणाऱ्यास तर सर्वसाधारण दरही दिशाभूल करू शकतो.

या उदाहरणातून कार्यस्थळासाठी दोन सूत्रे मिळतात. एक, आकडा बरोबर असणे पुरेसे नाही. तो विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असला पाहिजे. दोन, सर्वांत ठळक आकडा हा बहुधा सर्वांत कमी प्रातिनिधिक असतो. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकातील सर्वोच्च गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याचे छायाचित्र आणि बाजारातील कमाल दर यांचे स्वरूप या दृष्टीने सारखेच आहे.

६. परत येणारा आकडा : दूध केंद्र आणि हिवरे बाजार

आकडा लिहिणाऱ्याकडे वा देणाऱ्याकडे परत आला की काय घडते, याचे सर्वांत साधे उदाहरण दूध संकलन केंद्रात दिसते. उत्पादकाला मिळणाऱ्या पावतीवर दुधाचे माप, फॅट, एसएनएफ आणि दर यांची नोंद असते. गाईच्या दुधासाठी ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ ही प्रमाणके, कधीही शाळेत न गेलेल्या उत्पादकालाही पाठ असतात. फॅट घसरले तर वैरणीत काय बदल झाला, जनावर आजारी आहे काय, वासराने दूध आधी प्यायले काय, असे प्रश्न त्याच दिवशी घरात विचारले जातात. मापनयंत्राविषयी शंका आली तर दुसऱ्या केंद्रावर नमुना तपासून पाहिला जातो. नोंद, वाचन, शंका व कृती हे विदा-साक्षरतेचे चारही घटक येथे उपस्थित आहेत. त्यासाठी कोणतेही प्रशिक्षण शिबिर भरलेले नाही. आकडा त्वरित परत येतो, समजण्याजोगा असतो आणि त्यावर काही करणे उत्पादकाच्या हाती असते, एवढ्या तीन गोष्टी त्यास पुरेशा ठरल्या आहेत.

सामूहिक पातळीवर हेच तत्त्व याच जिल्ह्यातील नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाने अवलंबिले. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात आदर्श गाव योजनेतून येथे पाणलोटाची कामे झाली. परंतु पाणी अडविण्याइतकेच महत्त्वाचे ठरले ते पाणी मोजणे. पर्जन्यमापकावरील नोंदी व विहिरींतील पाण्याची पातळी यांच्या आधारे गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यानुसार पिकांचे नियोजन ग्रामसभेत होते. पिण्याचे पाणी व जनावरांचे पाणी प्रथम, त्यानंतर पिके, असा क्रम आहे. सिंचनासाठी कूपनलिका न घेणे, ऊस व केळी यांसारखी अधिक पाण्याची पिके न घेणे असे निर्णय गावाने स्वीकारले. श्री. पवार यांना २०२० साली पद्मश्री सन्मान जाहीर झाला.

या ताळेबंदाचे गणित प्राथमिक शाळेतील आहे. एक हजार हेक्टर शिवारावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक कोटी लिटर पाणी पडते. त्यातील किती वाहून गेले, किती बाष्प झाले, किती मुरले याचा अंदाज तज्ज्ञांच्या साहाय्याने घ्यावा लागतो. उरलेल्या पाण्याची वाटणी मात्र गावानेच करावयाची असते. कमी पावसाच्या वर्षी एखाद्या शेतकऱ्याला अधिक पाण्याचे पीक सोडून देण्यास सांगणे हे कठीण काम आहे. सरपंचाच्या सांगण्यावरून तो कदाचित ऐकणार नाही; परंतु स्वतःच्या गावाच्या पर्जन्यमापकाचा आणि शेजारच्या विहिरीचा आकडा सर्वांसमोर मांडला गेला, म्हणजे वाद व्यक्तींमधील न राहता पाण्याविषयीचा होतो. आकडेवारीची संस्कृती म्हणजे प्रत्यक्षात हाच बदल होय.

७. महाविद्यालयातील स्थिती

राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेची (नॅक) स्थापना १९९४ मध्ये झाली. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष, वार्षिक गुणवत्ता अहवाल व स्वयं-अध्ययन अहवाल यांमुळे महाविद्यालयांत आकडेवारी संकलनाला शिस्त आली. २०१०-११ पासून अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण सुरू झाले. २०१७ च्या सुधारित आराखड्याने संख्यात्मक निकषांना मोठे वजन दिले आणि त्या आकड्यांची बाह्य पडताळणीही होऊ लागली. या सर्वांचा हेतू संस्थांनी स्वतःकडे पाहावे हाच होता. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी भेटीपूर्वीच्या काही महिन्यांत मागील पाच वर्षांची आकडेवारी जमविण्याची धावपळ होते आणि भेटीनंतर संचिका कपाटात जातात. ज्या आकड्यामुळे पाच वर्षांपूर्वी निर्णय बदलता आला असता, तो पाच वर्षांनी सापडतो.

दोन उदाहरणांवरून यातील हानी लक्षात येईल. समजा, एका वर्गात ४० विद्यार्थी असून सरासरी उपस्थिती ७५ टक्के आहे. अहवालाच्या दृष्टीने ही स्थिती समाधानकारक आहे. परंतु ३० विद्यार्थ्यांची उपस्थिती ९० टक्के आणि १० विद्यार्थ्यांची ३० टक्के असली, तरीही सरासरी ७५ टक्केच येते. या दहा विद्यार्थ्यांचे शिक्षण सुटण्याच्या मार्गावर आहे आणि सरासरीने ते झाकले आहे. मूळ हजेरीपत्रकात मात्र ते दिसते. एवढेच नव्हे, तर प्रत्येकाची अनुपस्थिती कोणत्या तारखेपासून सुरू झाली हेही दिसते. ती तारीख कांदा लागवडीच्या हंगामाशी जुळते, की सकाळची बस बंद झाल्याच्या दिवसाशी, की एखाद्या विद्यार्थिनीच्या घरी विवाहाची बोलणी सुरू झाल्याच्या महिन्याशी, हे शोधता येते. हजेरीचे वार्षिक टक्केवारीत रूपांतर होताना प्रथम नाव जाते, मग तारीख जाते. आणि तारखेबरोबर कारणाचा मागही जातो.

दुसरे उदाहरण निकालाचे. एखाद्या विशेष विषयाच्या वर्गात २५ विद्यार्थी आहेत. मागील वर्षी १८ उत्तीर्ण झाले, म्हणजे निकाल ७२ टक्के. या वर्षी १७ उत्तीर्ण झाले, म्हणजे ६८ टक्के. निकाल चार टक्क्यांनी घसरला म्हणून विभागप्रमुखाकडे खुलासा मागितला जातो. वस्तुतः फरक एका विद्यार्थ्याचा आहे. लहान गटात टक्केवारी मोठ्या प्रमाणात वर-खाली होते आणि तिच्या प्रत्येक चढउताराला कारण असतेच असे नाही. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये कारखान्यातील उत्पादनासाठी नियंत्रण-आलेख मांडला, तो नेहमीचा चढउतार आणि दखल घेण्याजोगा बदल यांतील हाच भेद ओळखण्यासाठी. १९५० मध्ये डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी जपानमधील अभियंते व व्यवस्थापक यांना हे विचार शिकविले. प्रत्येक लहान घसरणीवर खुलासा मागणारी संस्था कर्मचाऱ्यांना एकच गोष्ट शिकविते : आकडा कधीही खाली दिसू देऊ नये.

८. संस्कृती रुजविण्याची प्रक्रिया

महाविद्यालयासारख्या कार्यस्थळात पुढील क्रमाने प्रयत्न करता येतील.

(अ) प्रश्न आधी, तक्ता नंतर : वर्षारंभी प्रत्येक विभागाने एकच प्रश्न निवडावा. उदा., प्रथम वर्षातील कोणते विद्यार्थी पहिल्या सत्रातच येईनासे होतात व केव्हापासून? उत्तरासाठी आवश्यक तेवढीच नोंद ठेवावी. प्रश्नाविना भरलेला तक्ता कोणी वाचत नाही.

(आ) व्याख्यांची निश्चिती : गळती म्हणजे काय? दुसऱ्या महाविद्यालयात गेलेला विद्यार्थी गळतीत धरावयाचा काय? परीक्षेचा अर्ज भरून परीक्षेस न बसलेला विद्यार्थी कोठे मोजावयाचा? कार्यालय, परीक्षा विभाग आणि गुणवत्ता कक्ष यांनी एकच लेखी व्याख्या व एकच संदर्भ-दिनांक ठरवावा. तीन विभागांचे तीन आकडे हे बहुधा खोटेपणाचे नसून तीन व्याख्यांचे लक्षण असते.

(इ) नोंद एकदाच : एकाच विद्यार्थ्याचे नाव प्रवेश, शिष्यवृत्ती, परीक्षा व ग्रंथालय यांच्या दप्तरांत चार प्रकारे लिहिले गेले, तर ती दप्तरे कधीच जोडता येत नाहीत. एक कायम क्रमांक आणि एक मूळ नोंद पुरेशी असते.

(ई) सर्वांना वाचन : प्रशिक्षण केवळ संख्याशास्त्राच्या वा संगणकशास्त्राच्या अध्यापकांपुरते नसावे. कार्यालयीन लिपिक, ग्रंथालय परिचर व प्रयोगशाळा सहायक यांना त्यांच्याच नोंदवहीतील आकड्यांवर सरासरी, टक्केवारी व कल समजावून द्यावेत. परक्या उदाहरणापेक्षा स्वतःच्या वहीतील उदाहरण लवकर पटते.

(उ) पंधरा दिवसांत परतफेड : गोळा केलेला आकडा पंधरा दिवसांच्या आत एका पानावर मांडून नोंद करणाऱ्यांच्या बैठकीत परत यावा. त्या पानाखाली तीन ओळी असाव्यात : काय दिसले, काय करावयाचे, कोणी करावयाचे. पुढील बैठकीची सुरुवात याच ओळींपासून व्हावी.

(ऊ) आकड्यास अभय : प्रतिकूल आकडा देणाऱ्यास दोष देऊ नये. कार्यस्थळातून भीती घालविणे हे डेमिंग यांच्या व्यवस्थापनविचाराचे एक प्रमुख सूत्र होते. भीतीच्या वातावरणात नोंद होते, परंतु ती खरी नसते.

९. अडथळे व मर्यादा

या मार्गातील पहिला अडथळा कामाच्या बोजाचा आहे. एकच माहिती विद्यापीठ, शासन, संस्था व मूल्यांकन परिषद यांना निरनिराळ्या नमुन्यांत द्यावी लागते. त्यामुळे आकडेवारीविषयी अध्यापकांत जी नाराजी दिसते, तिला आळस म्हणता येणार नाही. संस्थेने नवी वही सुरू करण्यापूर्वी एखादी जुनी वही बंद करावी, हा नियम येथे उपयुक्त ठरेल.

दुसरा धोका मापनाच्या विपर्यासाचा आहे. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये नोंदविलेल्या निरीक्षणावरून ओळखल्या जाणाऱ्या नियमाचा आशय असा की, एखाद्या मापाला नियंत्रणाचे लक्ष्य केले, की ते माप विश्वासार्ह राहत नाही. शोधनिबंधांच्या संख्येवर गुण दिले तर निबंध वाढतात, संशोधन वाढेलच असे नाही. चर्चासत्रांची संख्या, सामंजस्य करारांची संख्या यांबाबतही हेच घडते.

तिसरा प्रश्न गोपनीयतेचा आहे. विद्यार्थ्याची जात, उत्पन्न, आजार, कौटुंबिक परिस्थिती यांविषयीची माहिती सूचनाफलकावर वा सामाईक संदेशगटात जाता कामा नये. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाल्यानंतर ही बाब केवळ सौजन्याची राहिलेली नाही. अनुपस्थित विद्यार्थ्यांची यादी वर्गशिक्षकाच्या हाती असणे आणि ती सर्वत्र फिरणे यांत मोठे अंतर आहे.

शेवटची मर्यादा आकड्याच्या स्वभावातच आहे. कोठे पाहावे हे आकडा दाखवितो. तेथे काय घडले हे विचारपूस केल्याशिवाय कळत नाही. दहा विद्यार्थी येईनासे झाले हे हजेरीपत्रक सांगेल, परंतु त्यांच्या घरी जाऊन बोलणे हे अध्यापकाचेच काम राहील. अनुभव व आकडेवारी यांना परस्परविरोधी मानण्याचे त्यामुळे कारण नाही. अनुभवाने प्रश्न सुचतो, आकड्याने तो तपासला जातो आणि पुन्हा अनुभवानेच त्याचा अर्थ लागतो.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) विदा-साक्षरता ही यंत्रसामग्रीपेक्षा सवयीची बाब आहे. नोंदणे, वाचणे, शंका घेणे व उपयोग करणे हे तिचे चार घटक होत.

(२) प्रिंगल यांच्या मोजणीचे अपयश दर्शविते की, संबंधितांना पडताळता न येणारी आकडेवारी कितीही तपशीलवार असली तरी तिच्यावरील निर्णय धोक्याचे ठरतात.

(३) दूध संकलन केंद्रे व हिवरे बाजारचा पाण्याचा ताळेबंद दर्शवितात की, आकडा त्वरित, समजेल अशा रूपात आणि कृतीची संधी देऊन परत आला, तर औपचारिक शिक्षण अल्प असलेल्या समाजातही आकडेवारीवर आधारित निर्णय घेतले जातात.

(४) महाविद्यालयांनी मूल्यांकनासाठी उभारलेली नोंदयंत्रणा प्रथम स्वतःच्या विद्यार्थ्यांसाठी वापरली पाहिजे. त्यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. व्याख्यांची एकवाक्यता, नियमित बैठक आणि भयमुक्त नोंद पुरेशी आहे.

घोडेगावच्या बाजारात कांदा विकून परतणारा शेतकरी हिशेबपट्टी खिशात ठेवण्यापूर्वी ती एकदा बारकाईने वाचतो, कारण त्या आकड्यांवर त्याचा पुढील हंगाम अवलंबून असतो. महाविद्यालयातील हजेरीपत्रकावरही काही विद्यार्थ्यांचे पुढील आयुष्य अवलंबून असते. ते पत्रक सत्राच्या अखेरीस बेरजेसाठी उघडण्याऐवजी दर पंधरवड्यास वाचण्यासाठी उघडले गेले, तर येईनासा झालेला विद्यार्थी परत आणता येण्याजोगा असतानाच लक्षात येईल.